ताठ गुडघ्यांचे राज्य

त्या राज्यात गुडघे वाकवायला मनाई होती. फार पूर्वी कुठल्याशा लढाईत हरलेल्यांनी गुडघे टेकले होते. तेव्हापासून सिंहांच्या दरबाराने ठरवून टाकले की इथला कोणीही, कशासाठीही, गुडघ्यांत वाकणार नाही. वाकायचे तर कमरेतून. त्यात अदब दिसते, असे दरबाराचे मत होते. दरबाराला स्वतःला काही उचलावे लागत नसे.

उचलण्याचे काम अस्वलांकडे होते. नदी दरवर्षी तटाचा पाया खाई आणि अस्वले काठावरचे धोंडे आणून तो पुन्हा भरून काढीत. पाय ताठ, कंबर वाकलेली, हात लांब. ज्याची कंबर जाई त्याला नदीपलीकडच्या माळावर नेऊन ठेवीत. तिथे प्रत्येकाला वेगळा खड्डा असे. धडधाकट अस्वले त्या माळाकडे बघतसुद्धा नसत. बघितले तर आपलीही कंबर धरेल, अशी त्यांची समजूत होती.

घोंगडू त्यांतला सर्वांत दांडगा. कोपऱ्याचा धोंडा बसवायचा असला की मुकादम कोल्हा त्यालाच हाक मारी, आणि त्या हाकेने घोंगडूची छाती फुलून येई. एका सकाळी असाच एक धोंडा उचलून तो कमरेतच वळला, आणि पाठीच्या तळाशी काहीतरी निसटले. धोंडा पडला. घोंगडू वाकला तो वाकलेलाच राहिला.

"ऊठ की रे," कोल्हा म्हणाला.

घोंगडूला उठता येईना.

माळावरचा दिवस सरता सरत नसे. शेजारच्या खड्ड्यांतून कण्हणे ऐकू येई, तोंडे दिसत नसत. सुरुवातीला जांभळी मधाचे पोळे घेऊन येई. ती तटावर त्याच्या शेजारी काम करणारी अस्वलीण. पोळे खाली ठेवायला ती कमरेतून वाके तेव्हा तिचा चेहरा कळवळून जाई.

"दुखतं का गं?" तो विचारी.

"छे! कोण म्हणतं?" ती चहूकडे बघत म्हणे. पुढे तीही यायची थांबली.

बोलायला कोणी उरले नाही, तेव्हा तो आपल्या अंगाशीच बोलू लागला. कूस बदलताना पाठ नको म्हणे. उठताना नको म्हणे. एकदा पाणी प्यायला तो गुडघे वाकवून उकिडवा बसला, आणि पाठ गप्प राहिली. घाबरून त्याने मागे वळून पाहिले. बघणारे कोणीच नव्हते. मग तो रोज तसा बसू-उठू लागला; आधी रिकाम्या हातांनी, मग लहानसा दगड पोटाशी धरून.

हिवाळा सरताना तो तटावर परतला. सगळ्यांदेखत धोंड्यापाशी बसला, त्याला छातीशी कवटाळले आणि मांड्यांच्या जोरावर उभा राहिला. वळताना कंबर न पिळता पावले टाकत वळला.

तटावरची सगळी कामे थांबली.

"गुडघे टेकलेस?" कोल्हा ओरडला. "कोणापुढे?"

"धोंड्यापुढे," घोंगडू म्हणाला. "जड आहे तो."

तट अर्धाच झाला होता, म्हणून कोल्ह्याने त्याला हाकलले नाही. पण त्या दिवसापासून कोणी त्याच्याशी बोलेना. दुपारी तो जिथे खायला बसे तिथून बाकीचे उठून जात. माळावर निदान शेजारी कण्हणे तरी होते. कधी कधी त्याला वाटे, उद्यापासून आपणही कमरेतून वाकावे. कोणीतरी नावाने हाक तरी मारील.

एका दुपारी जांभळी एका धोंड्यापुढे नुसतीच उभी राहिली.

"घोंगडू," ती त्याच्याकडे न बघता पुटपुटली, "मला माळावर जायचं नाही रे."

आपले नाव ऐकताच त्याने हातातला धोंडा खाली ठेवला.

"मग धोंड्याच्या जवळ जा," तो म्हणाला. "अजून जवळ. पाय फाकव. आता बस."

ती बसली. उठली तेव्हा धोंडा तिच्या छातीशी होता. त्या दुपारी ती त्याच्या शेजारी जेवली. पुढे ढिगाऱ्याआड आणखी काही अस्वले बसता-उठताना दिसू लागली. कोल्हा अशा वेळी नदीकडे बघत राही.

तट पुरा होत आला तेव्हा सिंहराजा पाहणीला आला. टेकाडावरून त्याने खाली पाहिले, तर अस्वलांची रांगच्या रांग गुडघ्यांत वाकलेली. मनाई मोडल्याचा रागही त्याला आला नाही. इतकी निष्ठा त्याने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. आयाळ फुलवून त्याने आशीर्वादासाठी पंजा उचलला.

खाली अस्वले उठली. पाठी सरळ, प्रत्येकाच्या छातीशी एकेक धोंडा. ती पावले टाकत वळली आणि तटाकडे चालू लागली.

उचललेला पंजा आता कुठे ठेवावा, हे राजाला बराच वेळ कळेना.