सैल कातडीचं पिल्लू

आज काही खारी झाडावरून झाडावर तरंगत जातात आणि काही नुसत्या पळतात. पण फार फार पूर्वी सगळ्याच पळायच्या. तेव्हा ओढ्याकाठच्या एका उंबरावर दोन खारी राहायच्या, नात्याने जावा.

दोघींना एकेक पिल्लू झालं. नवल म्हणजे दोन्ही पिल्लांची कातडी काखेपासून मांडीपर्यंत सैल लोंबत होती, थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखी.

एकदा थोरलीच्या पिल्लाने उडी मारली. त्या कातडीत वारा भरला आणि ते भलत्याच फांदीवर जाऊन आपटलं. थोरली धावत तिथे पोहोचली.

धाकटी हसून म्हणाली, "पडू द्या की, जाऊबाई. माझा तर रोज पडतो."

"तुझा पडू दे! माझं मी पडू देणार नाही."

तेव्हापासून थोरली रोज सकाळी धावड्याचा डिंक आणायची आणि ती कातडी पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटवायची.

"आई, नको ना. तिथे वारा लागला की गुदगुल्या होतात गं."

"म्हणूनच चिकटवते. हलू नको."

धाकटीचं पिल्लू मात्र पडत राहिलं. कधी नाक फुटायचं, कधी गुडघा. थोरली ते बघायची आणि डिंकाचा आणखी एक हात फिरवायची.

उन्हाळ्यात वणवा पेटला. बघता बघता उंबराचं खोड धुमसू लागलं. "जा रे माझ्या राजा!" धाकटी ओरडली. तिचं पिल्लू अंग पसरून सुटलं, ते थेट ओढ्यापलीकडे. धाकटी भराभर खाली उतरून त्याच्यामागे पळाली.

थोरली जन्मात पहिल्यांदाच म्हणाली, "उडी मार बाळा, उडी मार!"

"आई, हात उघडतच नाहीत गं."

तिने पिल्लाला तोंडात धरलं आणि निखाऱ्यांतून ओढा गाठला. दोघं वाचली, पण पिल्लाचा मागचा पाय भाजला, तो कायमचा अधू झाला.

पाण्यात बसवून तिने त्याचा डिंक काढला. डिंक सुटला. खालची कातडी मात्र अंगाशी जुळून गेली होती. तिने चाटून पाहिली, हळूच ओढून पाहिली. नाहीच सुटली.

संध्याकाळी धाकटीचा लेक या झाडावरून त्या झाडावर तरंगत होता. पिल्लू खालून बघत बसलं होतं.

"आई, तो पडत नाही का गं?"

थोरलीने त्याला जवळ ओढलं. "पडायचा रे," ती म्हणाली. "खूप पडायचा."

तात्पर्य काय, तर लेकराला पडू दिलं नाही, तर त्याचं उडणंही आपल्याच हातून राहून जातं.