तिसरी पट्टी

“मग सूत्र चुकलं म्हणायचं की नाही, उस्ताद?”

श्रीपादनं हे हसत विचारलं. हातात खिळ्यांनी जोडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा छोटा नमुना होता. उद्या तो चौकशी समितीपुढे मांडायचा होता.

इलाही शिकलगार भट्टीशी बसले होते. तंत्रशाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना लोहारकाम शिकवलं. श्रीपाद त्यांतला सगळ्यांत हुशार. आता इंजिनिअर.

“कारखान्याचं दार दोन सारख्या पट्ट्यांवर झुलायचं. मालक म्हणाला, फार खडखडतं. मी मधे तिसरी बसवली. बसवतानाच पट्ट्या आणि सांधे मोजले होते. सूत्र म्हणालं, हालचाल शून्य. दार जागचं हलणार नाही. आणि हे बघा...”

त्यानं नमुना ढकलला. सुळकन हलला.

“तिन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या, म्हणून! तीन वर्षं दार असंच उघडत होतं.”

“आणि त्या दिवशी?”

श्रीपादनं नमुना खाली ठेवला.

त्या दिवशी उदबत्तीच्या कारखान्याला आग लागली. त्या दाराआड नऊ बायका मेल्या. ‘कामगार महिलांनी दाराशी गर्दी केल्यामुळे’ हे वाक्य समितीनं आधीच लिहून ठेवलं होतं. त्याखाली फक्त एका इंजिनिअरची सही हवी होती.

“दारात दोष नव्हता, उस्ताद. उद्या माझ्याबरोबर येऊन तुम्ही एवढंच सांगा. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही.”

उस्तादांनी नमुना चिमट्यात धरला. नुसती मधली पट्टी जाळावर येईल असा. बराच वेळ... मग ऐरणीवर ठेवला.

“हलव.”

श्रीपादनं फडक्यात धरून ढकललं. हलेना.

“एवढा शिकलास ना? लाव की जोर.”

त्यानं दोन्ही हातांनी रेटलं. खिळे करकरले. पट्ट्या होत्या तिथंच.

“केसभर वाढली असेल...” तो पुटपुटला. “केसभरच, उस्ताद.”

“त्याही जोर लावत होत्या.”

“मला हे ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो, दार अडकेल हे ठाऊक नव्हतं.”

उस्तादांनी चिमटा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. आवाज मात्र चढला नाही.

“दार बंद आहे हे तुला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं, बेटा. त्यांना आग लागल्यावर कळलं.”