शेळीच्या मापाची गाडी

दगडधोंड्यांनी भरलेल्या एका जंगलात एक उंट राहत असे. तो मूळचा तिथला नव्हता. तांड्याबरोबर जाताना त्याचा पाय मुरगळला, तांडा पुढे निघून गेला आणि हा मागे राहिला तो राहिलाच. त्या जंगलात धड वाट म्हणून नव्हती, म्हणून तिथली जनावरे ट्रायल बाईक चालवीत. मुलांनो, या गाडीला सीट नसते. फूटरेस्टवर उभे राहायचे, एका बोटाने क्लच जरासा धरायचा, जरासा सोडायचा आणि हळूहळू खडकावर चढायचे. आता जनावरे गाडी कशी चालवतात, हे मला विचारू नका. गोष्टीत ती बोलतात, तेव्हा तुम्ही कुठे काही विचारता?

रोज संध्याकाळी सगळी जनावरे कोरड्या ओढ्यातल्या खडकांवरून पलीकडे जात आणि उंबराखाली गप्पा मारत बसत. नियम एकच होता. वाटेत पाय टेकला, तर त्या दिवशी मुकाट्याने माघारी फिरायचे. उंटाचा पाय रोज टेकत असे. गाडी एवढीशी आणि हा ताडमाड. तोल जरा ढळला की लांब पाय आपोआप जमिनीला लागायचा. दोन महिने झाले, तरी तो तिसऱ्या खडकापुढे गेला नव्हता. पलीकडून हसण्याचा आवाज येई आणि अलीकडे हा गाडी धरून एकटाच उभा असे. त्याला फार वाईट वाटे. त्याला शर्यत जिंकायची नव्हती, चार जणांत बसायचे होते, एवढेच.

गाडी शिकवायला एक शेळी होती. एरवी लोक उंटावरून शेळ्या हाकतात, इथे शेळीच उंटाला हाकत होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "मी उभी राहते ना, अगदी तस्सा उभा राहा." उंटाने ते बोलणे गाठीला बांधले. त्याने मान मुडपली, पाठ वाकवली, अंग चोरले. हँडल गुडघ्यांवर आपटे, कंबर भरून येई. पण सांगणार कोणाला? पाहुण्याने यजमानाच्या गाडीला नावे ठेवू नयेत, असे त्याला वाटे. आणि दोष आपल्या उंचीचाच, हे तर त्याने मनाशी पक्के धरले होते. कोणी जवळ आले, की डोळ्यांतले पाणी दिसू नये म्हणून तो मान उंच करून लांब कुठेतरी बघत राही.

एके दिवशी तो दुसऱ्याच खडकावरून गाडीसकट आडवा झाला. बाकीचे केव्हाच पलीकडे गेले होते. तेवढ्यात दगडाच्या फटीतून एका कासवाने डोके बाहेर काढले.

"मी रोज खालून बघतो," कासव म्हणाले. "शेळीचे गुडघे वाकतात. तुझी पाठ वाकते."

"मी उंचच फार आहे," उंट म्हणाला.

"तू उंच नाहीस, हँडल खाली आहे. ते शेळीच्या मापाने बसवलंय. वर घे की."

"घेता येतं?"

"कधी कोणाला विचारलंस का?"

दुसऱ्या दिवशी उंटाने भीत भीत माकडाकडे पाना मागितला. माकडाने तो लगेच दिला. उंटाने नट सैल केले, हँडलखाली लाकडाचे दोन ठोकळे घातले, हँडल चार बोटे वर आणि थोडे पुढे घेतले. क्लचची वायर ताणली गेली, पण पुरली. मग तो गाडीवर उभा राहिला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याची पाठ सरळ झाली. म्हणून तो त्याच दिवशी पलीकडे पोचला, असे मात्र नाही. गुडघे वाकवायला शिकण्यात आणखी आठ दिवस गेले, तो पुष्कळदा पडलाही. पण आता मान वर असल्यामुळे त्याला पुढचे चार खडक आधीच दिसत. शेळीलाही एवढे लांबचे कधी दिसले नव्हते.

नवव्या दिवशी तो एकदाही पाय न टेकता ओढा ओलांडून गेला. उंबराखालच्या गप्पा थांबल्या. शेळी बाजूला सरकली आणि तिने त्याला जागा करून दिली.

"आम्हाला वाटायचं, तुला आमच्यात यायचंच नाही," ती म्हणाली. "जवळ आलं की मान वर करून लांब बघायचास."

"मला वाटायचं, मीच तुम्हाला नकोय," उंट म्हणाला.

शेळीने त्याच्या हँडलखालचे ठोकळे पाहिले. मग हळूच म्हणाली, "मीही माझ्याच मापाने शिकवत बसले. पण तू बोलायचंस तरी. एका पान्याचं तर काम होतं."

उंट पाय मुडपून खाली बसला. सगळ्यांच्या मध्ये बसूनही त्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या आता कोणीच परत देऊ शकत नव्हते.

तात्पर्य : दुसऱ्याच्या मापात बसण्यासाठी वाकत राहू नये, काय खुपते ते वेळीच बोलावे, कारण मुकाट्याने सोसलेले दुःख लांबून गर्वासारखे दिसते.