ठमाआई आणि दरडीवरची फुलं

आडदरा गावाच्या डोक्यावर डोंगराची जी तांबडी उतरण दिसते, तिथं एके काळी चुली पेटायच्या. किती वर्षांपूर्वी, ते विचारू नका. तेव्हाची माणसं गेली, त्यांची नातवंडंही गेली आणि गोष्ट तेवढी मागं राहिली.

तिथं वरली वाडी होती. अकरा घरं. एका आषाढात सात दिवस पाऊस थांबला नाही आणि आठव्या दिवशी सकाळी डोंगर खाली बसला. खालच्या गावानं नुसता आवाज ऐकला. लोक धावत वर गेले तर घरं नव्हती, गोठे नव्हते, माणसं नव्हती. सगळा चिखल. उकरायचं तरी कुठं? लोकांनी हात जोडले आणि माघारी आले.

तीन वर्षं त्या मातीवर गवताची काडी उगवली नाही. चौथ्या वर्षी मात्र सगळ्या उतरणीवर एक झुडूप उगवलं. गुडघ्याएवढं, लांबट पानांचं, तापावर देतात त्या किराईतासारखं थेट. चव घेतली तर तसंच कडूजहर. पण शेळ्या त्याला तोंड लावत नव्हत्या आणि त्या उतरणीवर एक मधमाशी फिरकत नव्हती, असं म्हणतात.

त्या वेळी आडदऱ्यात ठमाआई नावाची बाई होती. एकटीच राहायची. झाडपाल्याची तिच्याएवढी जाणती पाच गावांत नव्हती. तिची एक सवय होती. कुणी कसलाही पाला आणला तरी ती आधी विचारायची, "फूल कुठंय?" फूल नसेल तर पाला परत. फूल असेल तर ते डाव्या हाताच्या नखावर ठेवायची आणि बाभळीच्या काट्यानं अलगद उघडायची. खालची हिरवी वाटी बघायची, पाकळ्या सुट्या का जोडलेल्या ते बघायची, आतले केसर मोजायची, पोटातली बीजाची घरं बघायची. मग झाडाचं नाव सांगायची. "पानाचं काय," म्हणायची, "पान कुणाचंही सोंग घेतं. फुलाला आतून सोंग घेता येत नाही."

बायका तिची चेष्टा करायच्या. "ठमाआई, नवरा पण फूल बघूनच केला होता का गं?"

"तेवढंच बघायचं राहिलं," ती म्हणायची, "म्हणून तर तसला निघाला."

त्याच गावात राही होती. तिला एकच लेक, सगुणा, पाच वर्षांची. सगळे सगी म्हणायचे. दसरा झाला आणि सगीला हिवताप लागला. एकाआड एक दिवस यायचा, दात वाजायचे, मग अंग असं तापायचं की राहीनं कपाळावर ठेवलेली ओली पट्टी बघता बघता वाळायची. घरातलं किराईत संपलेलं. त्या वर्षी रानात किराईतच कुठं दिसेना. राही दरडीवर गेली, त्या झुडपाची डहाळी घेऊन ठमाआईकडं आली.

ठमाआईनं डहाळी उलटीपालटी केली. "फूल नाही हिला. झाड फुलू दे. मग सांगते."

"कधी फुलेल?"

"आठ दिवस तरी."

"आठ दिवस पोर थांबेल का माझी?"

"राही, मला नाव माहीत नसलेलं झाड मी लेकराच्या तोंडात घालू देणार नाही."

राही घरी आली. त्या दुपारी सगीला पुन्हा हुडहुडी भरली. डोळे पांढरे झाले. राहीनं किती वेळ वाट बघायची? आई होती ती. तिनं डहाळी उकळली, दोन घोट काढा पोरीच्या तोंडात घातला.

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. अंग गार, श्वास सरळ. राहीनं पोरीचे पाय दहा वेळा चाचपून बघितले आणि मग कुठं ती जेवायला बसली.

सकाळी बघते तर सगी उंबऱ्यात बसून दरडीकडं बघत होती.

"सगे, आत ये. वारं लागेल."

पोरीनं मागं वळून बघितलं, जणू मागं कुणीतरी सगी नावाची आहे. मग राहीला म्हणाली, "मावशे, माझी आई कुठंय?"

राही हसली. तिला वाटलं, चेष्टा करते. पण पोर परत म्हणाली, "मावशे, आमचं वासरू बाहेर राहिलंय. पाऊस लागलाय. आईला सांग ना."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

सासू म्हणाली, "ताप डोक्यात गेलाय, उतरेल." पण तो उतरला नाही. सगी जेवायची, शहाण्यासारखी बसायची, राहीला मावशी म्हणायची. राही तिची नखं रोज धुवायची आणि रोज त्यात ओली तांबडी माती सापडायची. आणि झोपताना पोर दोन्ही हात डोक्यावर उचलून झोपायची. तळवे वर. वरून काहीतरी पडतंय आणि ती ते तोलून धरतेय, अशी. राही ते हात खाली घ्यायची. हात परत वर जायचे.

सहाव्या दिवशी पोर भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणाली, "आई, किती वेळ धरू?"

राही तशीच उठली आणि ठमाआईच्या दारात जाऊन पडली. "माझं चुकलं. मी पाजला. मला शिव्या दे, मार, पण माझी पोर मला परत दे."

ठमाआईनं सगळं ऐकलं. शिवी दिली नाही. "मला लेकरू असतं तर मीही पाजलाच असता," ती म्हणाली. "कुठल्या झाडाचा पाला तोडलास ते दाखव. पोरीला पण घे."

वर गेल्या तर तोडलेलं झुडूप सापडलं. त्यावर एकच कळी होती. बाकी झुडपांवरही एकेकच कळी. तिघी तिथंच बसल्या. तो दिवस गेला, दुसऱ्या दिवशी परत आल्या. तिसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, सावली पायाखाली आली तेव्हा वारा पडला आणि सगळ्या उतरणीवरच्या कळ्या एकदम उघडल्या. साठ-सत्तर फुलं, पांढरी. वास मात्र फुलाचा नव्हता. ओल्या गोवऱ्या आणि भिजलेल्या घोंगडीचा वास होता.

राही पुढं होऊन फूल तोडणार, तोच ठमाआईनं तिचा हात धरला. "तोडू नकोस. देठावरच बघू."

ती गुडघ्यावर बसली. काट्यानं पाकळ्या बाजूला केल्या. "किराईत नाही गं हे. किराईताच्या फुलाला वरचा ओठ, खालचा ओठ, जांभळा डाग आणि आत दोनच केसर. इथं पाकळ्या पाच, सुट्या. केसर चार. तीन उंच, एक बुटका." मग शेजारच्या झुडपाचं फूल बघितलं. तिथं केसर नऊ. त्याच्या शेजारी दोन, दोन्ही वाकलेले. पुढच्याला सहा, त्यातले चार बुटके.

"एकच पान आणि फुलं आतून वेगळी," ती पुटपुटली. "असं झाड मी जन्मात बघितलं नाही." तिनं मान वर केली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "राही, वरल्या वाडीत नऊ माणसांचं घर कुणाचं होतं?"

"धोंडू पाटलाचं."

"आणि दोघं म्हातारे?"

"कोंडाबाई आणि तिचा नवरा." राहीनं तोडलेल्या झुडपाकडं बघितलं. "तिघं मोठी आणि एक लेकरू... गोमा गवळ्याचं. त्याची म्हातारी, बायको आणि पोरगी."

ठमाआई म्हणाली, "हे झाड नव्हे. ही माणसं आहेत. प्रत्येकानं आपलं घर पोटात धरून ठेवलंय. चिखलानं कुणाला कुठं फेकलं, कुणाला कुठं. तू पाला घेतलास तो त्या पोरीचा. ती आईला शोधतेय."

मग दोघींनी शोधायला सुरुवात केली. उन्हातान्हात, झुडपामागून झुडूप. तीन उंच, एक बुटका. सावली लांबायला लागली तशी फुलं कडेनं मिटायला लागली. सगी तोडलेल्या झुडपापाशी बसून होती, हात डोक्यावर. शेवटी अशी तीन झुडपं सापडली. एक पार नाल्याकाठी, एक खडकाला टेकून, एक खाली बांधाजवळ.

ठमाआईनं तिन्ही फुलं बघितली. परत बघितली. काटा खाली ठेवला. "यातली आई कुठली ते मला कळत नाही गं. तिन्ही सारखीच आहेत."

राही वाकली. तिला ना पाकळ्यांची नावं ठाऊक, ना केसरांची. नाल्याकाठचं फूल बघितलं, खडकाजवळचं बघितलं. बांधाजवळच्या फुलाशी ती थांबली. त्यातला एक उंच केसर सरळ उभा नव्हता. तो बुटक्यावर वाकला होता, अगदी टोकापर्यंत, छप्पर अंगावर येताना बाई लेकरावर वाकावी तसा.

"ही," राही म्हणाली. "ठमाआई, हीच आई."

दोघींनी त्या पोरीचं झुडूप मुळाच्या मातीसकट उचललं आणि बांधाजवळ आईच्या अंगाला लावून रोवलं. राही माती दाबत होती आणि मनात म्हणत होती, बाई, तुझी तुला दिली, माझी मला दे. त्या वेळी सगी "आई!" म्हणून ओरडली. आवाज दोन होते, असं म्हणतात. एक पोरीच्या तोंडून आला आणि एक मातीतून.

मग सगीचे हात खाली आले. ती आडवी झाली आणि झोपली. जागी झाली तेव्हा उन्हं कलली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. "आई, मला इथं कशाला आणलंस? मला भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. सासू रडायला लागली आणि राही हसायला लागली. तो सगीचा स्वतःचा ताप होता ना! ठमाआई चार कोस लांबच्या रानात गेली, खरं किराईत घेऊन आली, फुलं नखावर उघडून राहीला दाखवली, दोन केसर मोजायला लावले आणि मग काढा दिला. पंधरा दिवसांत पोर अंगणात खेळायला लागली.

पण ठमाआईचं दरडीवर जाणं थांबलं नाही. "बाकीची घरं अजून विखुरलेली आहेत," म्हणायची. रोज दुपारी खुरपं आणि काटा घेऊन वर जायची. राही तिला भाकरी न्यायची. लांबून बघायची तर ठमाआई झुडपांशी बोलताना दिसायची, "थांब रे बाबा, तुझीच पाळी आहे," आणि मग मान हलवायची, जशी काही उत्तरं मिळत होती.

एक दिवस राही भाकरी घेऊन गेली तर वर कुणी नव्हतं. खुरपं मातीत उभं होतं. सगळी उतरण बदलली होती. झुडपं अकरा ठिकाणी गोळा झाली होती, मधून वाट सोडलेली, दारासमोर दार यावं तशी. गावानं रान पालथं घातलं. ठमाआई सापडली नाही.

ती जागा आजही तशीच आहे. आडदऱ्यात लेकरू आजारी पडलं तर काढ्याआधी पाल्याचं फूल उघडतात आणि केसर मोठ्यानं मोजतात. फूल नसेल तर पाला परत. दसऱ्यानंतर एका दुपारी बायका वर जातात, फुलं न तोडता काट्यानं बघतात. पावसानं कुठलं झुडूप वाहून दुसऱ्या घरात गेलं असेल तर ते उचलून त्याच्या माणसांत नेऊन लावतात. ज्यांची लेकरं लहान आहेत त्या बांधाजवळच्या झुडपाला आधी पाणी घालतात.

अकरा घरांच्या बाहेर, वाटेच्या तोंडाशी एक झुडूप एकटंच उभं आहे. ठमाआई गेल्यावर ते आपोआप उगवलं, असं म्हणतात. त्यालाही एक फूल येतं. बायका त्याच्यापाशी बसतात, पाणी घालतात, पोरांना पाया पडायला लावतात. पण त्या फुलाला काटा कुणी लावत नाही. आत काय असेल ते न बघताच सगळ्यांना ठाऊक आहे.