म्हाळसाक्का आणि कापडाचं पुस्तक

पाणसऱ्याला शाळा नव्हती तेव्हाची ही गोष्ट. आमच्यापैकी कुणी म्हाळसाक्काला पाहिलेलं नाही. आमच्या आज्यांच्या आज्यांनी तिला पाहिलं, त्यांनी पुढच्यांना सांगितलं, आणि ऐकलं तसं आम्ही सांगतो.

म्हाळसाक्का गुरवाची सून. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ झालं नाही, म्हणून देवीचं देऊळ हेच जणू तिचं घर झालं. सकाळी देवीला पाणी घालायचं, आवार झाडायचं आणि दुपार कलली की पायरीवर बसून गोष्ट सांगायची. शेतावर निघालेल्या बाया आपली लहान मुलं तिच्यापाशी सोडून जायच्या. तिला गोष्टी किती येत होत्या याचा कुणाला पत्ता लागला नाही. असं म्हणतात, ती वाऱ्याची गोष्ट सांगायला लागली की पिंपळाची पानं हलायची थांबायची, आणि गोष्टीतली विहीर आटली की ऐकणाऱ्या मुलांना तहान लागायची.

"गावातली सगळी लेकरं माझीच," असं ती म्हणायची. पण त्यांतलं एक जरा जास्तच तिचं होतं. शेजारच्या लोहाराची ठकू. ठकू तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. हसायची, रडायची, हाक मारली की वळून पाहायची, पण तोंडातून बोल निघत नव्हता. तिच्या आईनं नवस केले, अंगारे लावले आणि शेवटी आशा सोडली. म्हाळसाक्कानं सोडली नाही. ती प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. एकदा सगळ्यांना, आणि मग सगळे पांगले की ठकूला मांडीवर घेऊन तिच्या कानात.

पाणवठ्यावर ती बायांना सांगायची, "बगा तुमी. हिचा पयला शब्द माज्याच मांडीवर निघंल."

ठकू वर्षाची होती तेव्हा दामू शिंप्याचं लग्न झालं आणि अनसा गावात आली. ती तालुक्याच्या गावची. तिचे वडील पुस्तकं बांधायचं काम करायचे, त्यामुळे तिला लिहायवाचायला येत होतं. वर्ष-दीड वर्षानं तिला मूल झालं, तेव्हा तिनं घरात पुस्तक शोधलं. पुस्तक कुठलं असणार? गावात एक पंचांग होतं, तेही कुळकर्ण्यांच्या माडीवर. मग अनसानं नवऱ्याच्या शिवणकामातून उरलेले कापडाचे तुकडे गोळा केले आणि स्वतःच एक पुस्तक शिवलं. पहिल्या पानावर काळ्या कापडाचा कावळा आणि त्याच्या खाली लाल दोऱ्यानं 'कावळा' हा शब्द. पुढं घागर, बैल, कोयता, चंद्र.

ती बाळाला मांडीवर घेऊन ते पुस्तक उघडायला लागली तेव्हा सासू म्हणाली, "अगं, सहा महिन्यांच्या पोराला काय कळतंय त्यात?"

"आज नाही कळणार," अनसा म्हणाली आणि पान उलटलं.

बाळानं पान तोंडात घातलं. तिनं ते धुतलं, वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं.

शिंप्याच्या ओसरीवर काहीतरी नवीन आहे हे मुलांना कुणी सांगावं लागलं नाही. आधी दोघं आली, मग सहा. अनसा नुसतं सांगायची नाही, ती विचारायची. "हा कुठं निघालाय? याच्या चोचीत काय असेल? तुझ्या घरी घागर कुठं असते?" मुलं उत्तरं द्यायची आणि ती त्यांचं बोट धरून अक्षरांखालून हळूहळू फिरवायची. "पुन्हा" म्हटलं की पुन्हा. एकच पान एका बैठकीत सात वेळा झालं तरी तिला कंटाळा यायचा नाही.

म्हाळसाक्का सुरुवातीला हसली. "चिंध्यांत कुटं गोष्ट असती व्हय?" पण त्या आठवड्यात पायरी थोडी रिकामी दिसली, पुढच्या आठवड्यात आणखी. ती गोष्ट सांगताना मध्येच शिंपीआळीकडं पाहायला लागली. गोष्टीतला राजा कुठं चालला होता ते विसरायला लागली.

आणि एके दिवशी ठकूची आई धावत देवळात आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आक्का! माजी ठकू बोलली! 'कावळा' म्हणाली! सबंद शब्द!"

म्हाळसाक्काच्या हातातला झाडू गळून पडला. "देवीची किरपा," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "कुनापाशी बोलली?"

"अनसापाशी. त्या पुस्तकातल्या कावळ्यावर बोट ठेवलं आन् बोलली."

म्हाळसाक्का हसली, ठकूच्या आईच्या पाठीवरून हात फिरवला, तिला वाटेला लावलं. मग ती गाभाऱ्यात गेली. तीन वर्षं आपण त्या कानात बोललो, आणि शब्द पडला दुसरीच्या ओसरीवर! असं म्हणतात, तिनं देवीवर ओतायला तांब्या उचलला तेव्हा तिचे हात इतके तापले होते की तांब्यातल्या पाण्याची वाफ झाली. त्या दिवशी देवी कोरडी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर एक नवी गोष्ट सुरू झाली. "इतक्या कवळ्या पोरांस्नी अक्षरं दावली की डोळं अधू व्हत्यात. माज्या माहेरी एक पोरगं असंच दीस दीस अक्षरांकडं बगायचं. पाच वर्साचं झालं तवा त्याला आय वळखू येईना." असं पोरगं तिच्या माहेरी कधी नव्हतं. पण म्हाळसाक्काची गोष्ट होती ती, आणि तिची गोष्ट खोटी म्हणायची कुणाची टाप नव्हती. बायांनी आपापली मुलं ओसरीवरून ओढून आणली. अनसाची ओसरी ओस पडली.

ठकू मात्र जात राहिली. तिच्या आईनं तिला अडवलं नाही, कारण पोरगी रोज एक नवा शब्द घरी आणत होती. सगळं सहन झालं असतं, तेवढंच म्हाळसाक्काला सहन झालं नाही. बाकीची मुलं परत येऊन पायरीवर बसली होती, पण तिच्या मांडीवर कुणी नव्हतं.

बाजाराच्या दिवशी अनसा आणि दामू तालुक्याला गेले. सासू आत निजली होती. भर दुपारी म्हाळसाक्का ओसरी चढली, कोनाड्यातलं पुस्तक उचललं, पदराखाली घेतलं आणि घरी आली. आल्या आल्या तिनं चूल पेटवली. चूल विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदाही तेच. कुणी म्हणतं, देवीनं फुंकर मारली. कुणी म्हणतं, चुलीपाशी ती इतकी रडत होती की लाकडंच ओली झाली. खरं काय ते चुलीला माहीत.

मग तिनं पुस्तक उघडलं. कावळा, घागर, बैल. पुढची पानं उलटली आणि तिचे डोळे विस्फारले. आटलेली विहीर तिथं होती. कोल्ह्याला नवरी समजून घरी आणणारा म्हातारा होता. या तर तिच्याच गोष्टी! मुलांनी अनसाला सांगितल्या असणार आणि अनसानं शिवल्या असणार. आणि शेवटच्या पानावर ती स्वतः होती. पिंजलेल्या कापसाचे पांढरे केस, भोवती मुलं, आणि अंगावरचं लुगडं हिरवं. तिच्याकडं एकच धड लुगडं होतं, त्याचा फाटका काठ दामूनं बदलून दिला होता. तोच काठ होता तो. खाली लाल दोऱ्याची एक लांब ओळ होती.

"माज्या चित्राखाली काय लिवलंय हिनं?" म्हाळसाक्का त्या ओळीकडं बघत राहिली. म्हातारी जळकी आहे, असं असेल? खोटं बोलते, असं असेल? तिला एकही अक्षर वाचता येत नव्हतं, आणि विचारणार कुणाला? तिनं पुस्तक धान्याच्या कणगीमागं दडपलं.

दुसऱ्या दिवशी अनसा स्वतःच देवळात आली. तिचे डोळे सुजले होते.

"आक्का, पुस्तक हरवलं. ठकू सारखी रडतेय. माझ्याकडून आता लगेच दुसरं होणार नाही. तुम्हीच तिला जवळ घ्या, गोष्ट सांगा."

म्हाळसाक्का जिंकली. त्या दुपारी सगळी मुलं पायरीवर आणि ठकू मांडीवर होती. तिनं पदर खोचला आणि आटलेल्या विहिरीची गोष्ट सुरू केली. पण मुलं पूर्वीसारखी गप्प बसेनात. "आक्का, विहीर का आटली?" "तिच्या तळाला बेडूक असतील?" "मग तो माणूस आता काय करणार, मी सांगू?" म्हाळसाक्काला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. उत्तर देता देता गोष्ट वाढत गेली. तिला स्वतःलाच माहीत नसलेल्या वाटांनी गेली.

एका जागी ती दम खायला थांबली. तेव्हा ठकूनं जिभेवर बोट ओलं केलं आणि हवेत हात फिरवला.

"हे काय गं?"

"पान उलटलं," ठकू म्हणाली. आणि आक्का पुढं बोलत नाही असं पाहून तिनंच पुढची गोष्ट सांगितली. हवेतल्या पानावर बोट ठेवत, एकेक ओळ करत. शब्द म्हाळसाक्काचे होते. विहिरीत दगड टाकल्यावर जिथं ती श्वास रोखायची तिथं ठकूनं श्वास रोखला. जिथं आवाज बारीक करायची तिथं बारीक केला. तीन वर्षं त्या कानात ओतलेलं काहीच सांडलं नव्हतं. सगळं आत साठून राहिलं होतं, आणि बाहेर यायला एक कावळा पुरला होता.

म्हाळसाक्का उठली. घरी गेली, कणगीमागून पुस्तक काढलं आणि सगळ्या मुलांदेखत शिंप्याची ओसरी चढली.

"हे घे. म्या चोरलं हुतं."

अनसा पुस्तकाकडं पाहतच राहिली. "तुम्ही?"

"जळत हुते मी. डोळं अधू व्हत्यात ती गोष्ट बी माजीच. खोटी."

अनसा काही संत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला. "या पानांपायी बोटांची चाळण झालीय माझी, आक्का! आणि मी तुमच्याच पायरीशी रडत आले!"

म्हाळसाक्कानं मान खाली घातली. जायला वळली, पण परत फिरली. "एक सांग. माज्या चित्राखाली काय लिवलंयस?"

"मी नाही सांगणार," अनसा म्हणाली. "वाचायला शिका, मग कळेल."

गावाला वाटलं, म्हातारी आता त्या ओसरीकडं फिरकणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ती आली आणि लहान मुलांच्या ओळीत, ठकूच्या शेजारी बसली. पांढऱ्या केसांची बाई 'क' गिरवते आणि चार वर्षांची पोरगी तिला हाताला धरून दाखवते, हे बघायला शेजारच्या गावांतून लोक आले. ठकू तिच्या आधी एखादं अक्षर ओळखायची तेव्हा म्हाळसाक्काला ठकूचासुद्धा हेवा वाटायचा. त्या रागानं ती देवळाच्या फरशीवर कोळशानं तेच अक्षर शंभरदा काढायची. देऊळ काळं झालं. पूजेला आलेल्या लोकांनी तक्रार केली, तर म्हणाली, "देवीला बी शिकू द्या."

वर्ष गेलं. एका दुपारी तिनं शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. 'ही म्हाळसाक्का. हिच्यासारखं मला सांगता येत नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग अनसाकडं पाहिलं.

अनसा दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही पायरीवर तोंड उघडलं की आवाज इथवर यायचा आणि माझं बाळसुद्धा माझ्या मांडीवरून तिकडं वळायचं. मला फार लागायचं ते. तुमच्या गोष्टी का शिवल्या मग मी? मला सांगता येत नव्हत्या म्हणून."

असं म्हणतात, त्या क्षणी देवळातली घंटा आपोआप वाजली, आणि गाभाऱ्यात गेलेल्या बाईला देवीचं अंग ओलं दिसलं.

त्यानंतर म्हाळसाक्का सांगायची आणि अनसा शिवायची. असं म्हणतात, त्यांचं पुस्तक एवढं वाढलं की उन्हात वाळत घातलं तर देवळापासून नदीपर्यंत पुरायचं, आणि रांगती मुलं एका टोकाला शिरायची ती दुसऱ्या टोकाला बोलत बाहेर यायची. पण म्हाळसाक्काचा हेवा काही गेला नाही. ती तो लपवायचीही नाही. "अनसे, आज पुन्यांदा जळले गं," असं ती ओसरीवर येऊन सांगायची. अनसा म्हणायची, "मग माझ्या पोराला एक पान वाचून दाखवा." ती वाचायची. पान संपेपर्यंत छाती निवायची. मरेपर्यंत तिनं दुसरं औषध घेतलं नाही.

पाणसऱ्यात आता शाळा आहे, दुकानात रंगीत पुस्तकंही मिळतात. तरीही घरात मूल बसायला लागलं की आई कापडाचं एक पान शिवते. त्यावर त्या घरात सांगतात ती गोष्ट असते, आणि खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ. याला गावात म्हाळसाक्काचं पान म्हणतात. ते पान आई स्वतः वाचत नाही. गावात जिचा तिला सगळ्यात जास्त हेवा वाटतो, तिच्या दारात ती मूल घेऊन जाते आणि म्हणते, "माझ्या लेकराला एवढं वाचून दाखव." कारण विचारायचं नसतं. नाही म्हणायचं नसतं.

गेल्या माघात कुंभारांची धाकटी सून, सहा महिने अबोला धरलेल्या थोरल्या जावेच्या दारात उभी राहिली. दोघींच्या दारांत चार पावलांचं अंतर, तरी तिला यायला सकाळची दुपार झाली. थोरलीनं पान हातात घेतलं, खाली बसली, बाळाला मांडीवर ओढलं आणि त्याचं बोट धरून पहिल्या अक्षराखाली ठेवलं. पहिला शब्द वाचला आणि दाराकडं पाहिलं. धाकटी उंबऱ्यातच उभी होती. ती आत आली आणि शेजारी बसली.