शिदाप्पा हेळवी आणि चिमाक्काचं नाव

वारणेवर अजून पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या वेरळी गावात दरवर्षी सुगी झाली की शिदाप्पा हेळवी यायचा. हेळवी म्हणजे घराण्यांची नावं तोंडपाठ सांगणारा. शिदाप्पाचे दोन्ही पाय लुळे, म्हणून तो बैलावर बसून यायचा. दारात बैल थांबला की त्या घराच्या सात पिढ्या तो एका दमात म्हणायचा आणि सूपभर जोंधळे घेऊन पुढे जायचा. असं म्हणतात, की तो नावं घेऊ लागला की चुलीवरचं दूधसुद्धा उतू जायचं थांबायचं.

नाईकवड्यांच्या घरात मात्र एक नाव आलं की माणसं तोंड फिरवायची. चिमाक्का. त्या घरची ही लेक एका गोऱ्या कप्तानाशी लग्न करून निघून गेली होती. घरच्यांनी ती जिवंत असतानाच तिच्या नावानं अंघोळ केली. पण शिदाप्पाच्या आज्यानं तिचं नाव गाळलं नाही, बापानंही नाही, आणि शिदाप्पानंही नाही.

एका वर्षी गावात इंग्रज साहेब आला. सर ह्यूबर्ट थॉर्नली. गावानं त्याचं 'थोरले साहेब' करून टाकलं. आपल्याकडे पाटीलकी चालते, तशी त्याच्या घरात 'सर' ही पदवी बापाकडून थोरल्या मुलाकडे चालत आलेली. शिवाय विलायतेच्या मोठ्या सभेत तो लोकांनी निवडून दिलेला. घराण्याचं जाडजूड पुस्तक त्याच्याजवळ होतं. त्यात सगळ्यांची नावं होती, फक्त पणजोबांच्या शेजारची, पणजीची जागा कोरी. पणजोबांच्या तसबिरीमागे एकच शब्द सापडला होता, वेरळी. तेवढ्यावर तो समुद्र ओलांडून आला होता.

साहेबासाठी शिदाप्पा पिढ्या म्हणणार म्हणून पारावर गाव जमू लागलं, तेव्हा रावजी नाईकवड्यांनी शिदाप्पाला गाठलं.

"साहेबापुढं ते नाव घेतलंस, तर आमचा उंबरा तुला बंद. तुझ्या पोराबाळांनाबी."

शिदाप्पा म्हणाला, "मालक, जोंधळं तुमचं हाईत, नका देऊ. पर नाव तुमचं न्हाई, तिचं हाय."

भर दुपारी त्यानं नाईकवड्यांची पिढी म्हणायला घेतली. चिमाक्कापाशी तो आला आणि थांबलाच नाही. चिमाक्काचा जेम्स, जेम्सचा रॉबर्ट, रॉबर्टचा ह्यूबर्ट. "आन् ह्यूबर्टच्या पाठची एलन, तीन दिसांत गेलेली."

साहेब ताडकन उभा राहिला. एलनचं नाव पुस्तकात नव्हतं. ते फक्त त्याची आई घ्यायची.

शिदाप्पाला हे कुणी सांगितलं? कुणी म्हणतं, विलायतेहून गुपचूप पत्रं येत असत. कुणी म्हणतं, नदी समुद्राला मिळते, तिकडून निरोप उलटा येतो. शिदाप्पाला विचारलं, तर तो नुसता बैलाची मान खाजवायचा.

"पुन्हा म्हणायला सांगा," साहेब दुभाष्याला म्हणाला.

तेवढ्यात रावजींची म्हातारी आई पुढं आली. "आमच्या चिमाक्काचा पणतू आलाय, आन् तुमी त्याला उनात उभं केलंय व्हय?" तिनं त्याच्या बुटांवरच तांब्याभर पाणी ओतलं आणि हाताला धरून त्याला घरात नेलं. रावजी दार धरून बाजूला झाले.

साहेबानं कोऱ्या जागी नाव लिहिलं. असं म्हणतात, की त्यावरून विलायतेत त्याची टर उडवली गेली, पुढच्या निवडणुकीत तो पडला. पान बदला, असं भाऊबंदांनी विनवलं. त्यानं बदललं नाही.

शिदाप्पा ज्या दगडावरून बैलावर चढायचा, तो दगड वेरळीत अजून आहे. ज्याचं नाव घरात कुणी घेत नाही, त्याचं नाव तिथं येऊन मोठ्यानं घ्यायचं, अशी रीत आहे. बायाच जास्त येतात. कुणी लेकीचं नाव घेते, कुणी घर सोडून गेलेल्या भावाचं. आणि वाटेनं जाणारं कुणीही असो, ते नाव पुरं होईपर्यंत तिथंच थांबून ऐकतं.