चौथा वाफा

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक माळीण राहायची. तिचा नवरा तांड्याबरोबर मीठ आणायला समुद्राकडे गेला होता. तो वैशाखाशिवाय येणार नव्हता. घरात ती आणि तिची पाच वर्षांची लेक, दोघीच.

त्यांची झोपडी देवीच्या विहिरीजवळ होती. झोपडीपुढे चार वाफे. जागा देवीची. गावाचा नियम असा, की चैत्रात पालखीच्या दिवशी याच चार वाफ्यांतल्या फुलांचा हार देवीच्या गळ्यापासून पायापर्यंत पोचला पाहिजे. पोचला तर जागा आणि झोपडी अजून वर्षभर त्याच माळ्याची. नाही पोचला तर झोपडी सोडायची.

दरवर्षी हे सगळं नवराच बघायचा. यंदा तिच्यावर आलं. आश्विनात पाऊस थांबला तशी ती गावातल्या म्हाताऱ्या माळीबाबांकडे गेली.

बाबा म्हणाले, "वाफे हातभर खोल खण. लव्हाळ्याच्या गाठी एकूण एक वेचून काढ. त्या गवताची एक गाठ राहिली तरी तिच्या दहा होतात. मग कुजलेलं शेणखत घाल, वर पाचोळा पसर आणि माघापर्यंत हात लावू नकोस. रोपं माघात लावायची."

"माघापर्यंत नुसती बसू?"

"नुसती कशाला? लेकीला जेवू घाल, तूही जेव."

माळणीने खणायला घेतलं. एकेका वाफ्यातून टोपलीभर गाठी निघाल्या. तीन वाफे झाले तोवर कार्तिक लागला. शेजारीण कुंपणाशी आली. तिचा भाऊ माळी होता आणि त्याला ही जागा हवी होती.

"अगं बाई, अजून खणतेसच? माझी रोपं वीतभर झालीसुद्धा!"

माळणीला वाटलं, आपण मागे पडलो. चौथा वाफा तिने खणलाच नाही. वरवर खुरपला, शेणखत टाकलं आणि पाचोळ्याने झाकून टाकला. वरून बघितलं तर चारही वाफे सारखेच दिसत होते.

पण त्या दिवसापासून तिला चैन पडेना. झाडलेलं अंगण परत झाडायची. चुलीवरच्या भांड्याचं झाकण दहादा उघडायची. लेक खोकली तरी दचकायची. सारखी उठून माळीबाबांकडे जायची.

"बाबा, थंडी जास्त पडली तर?"

"पडू दे."

"पाचोळा उडाला तर?"

"परत घाल. पोरी, सकाळपासून तिसऱ्यांदा आलीस. खरं काय ते सांग."

"काही नाही," असं म्हणून ती घाईघाईने परत आली.

मार्गशीर्षात एका सकाळी लेक ओरडली, "आई, या वाफ्यात सुया उगवल्यात!"

चौथ्या वाफ्यात लव्हाळा पाचोळा फोडून वर आला होता. एक नाही, शेकड्याने. शेजारीण कुंपणापलीकडून बघतच होती. "काय गं, पाचोळ्याला पाणी घालत होतीस का? उद्या गावचे पंच येणारेत हो वाफे बघायला!"

मागच्या दारी माळणीने झेंडूची थोडी रोपं वाढवली होती. तीच आज या वाफ्यात दाटीने लावली, तर गवत दिसणार नाही. पंचांना हिरवं दिसेल. उद्याचा दिवस तर निभेल. तिने खुरपं घेतलं, पहिलं रोप उचललं.

लेक शेजारी बसून एकेक सुई तोडत होती. म्हणाली, "आई, मी वरचं तोडते, पण ते खाली आहेच गं."

माळणीने रोप परत ठेवलं आणि कुदळ आणली.

दुसऱ्या दिवशी पंच आले तेव्हा ती गुडघाभर मातीत उभी होती. पाटलांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? आता मार्गशीर्षात वाफा उकरलाय?"

"कार्तिकात मी हा नीट खणला नव्हता, पाटील. घाई केली, वरवर खुरपून झाकला. म्हणून परत खणतेय."

शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. पाटील म्हणाले, "खरं बोललीस ते ठीक. पण चैत्रात हार कमी पडला तर मी काही ऐकणार नाही." आणि शेजारणीच्या भावाला त्यांनी तयारीत राहायला सांगितलं.

माळणीने एकेक ढेकूळ हाताने फोडलं. गाठी वेचल्या, माती उन्हात तापवली. माघ लागला तेव्हा बाकीच्या तिन्ही वाफ्यांत रोपं लागली. चौथ्यात लागली ती पंधरा दिवस उशिरा. शेजारणीचा झेंडू पौषातच फुलून फाल्गुनात वाळूनही गेला.

पालखीचा दिवस उजाडला. तीन वाफ्यांची फुलं खुडून हार गुंफला. तो देवीच्या गुडघ्यापर्यंतच आला. शेजारणीचा भाऊ अंथरूण-पांघरूण बांधूनच आला होता.

माळीण धावत चौथ्या वाफ्याकडे गेली. काल संध्याकाळपर्यंत तिथे नुसत्या कळ्या होत्या. आज उन्हाबरोबर त्या उमलायला लागल्या होत्या. मायलेकींनी ओटी भरभरून फुलं खुडली. लेक एकेक फूल देत होती, माळीण ओवत होती, आणि तिकडे पालखीचे ढोल वाजायला लागले होते.

हार पुन्हा देवीच्या गळ्यात घातला. पाटील वाकून बघायला लागले.

"टेकला," पाटील म्हणाले. "अंगठ्याला टेकला."

शेजारणीच्या भावाने गाठोडं उचललं आणि तो आल्या वाटेने निघून गेला. माळणीने लेकीला कडेवर घेतलं आणि ती आपल्या झोपडीकडे वळली.

तात्पर्य: घाईत झाकून टाकलेलं काम लोकांना दिसलं नाही, तरी आपलं मन आपल्याला खात राहतं. लोक हसतील म्हणून ते तसंच ठेवू नये. वेळ आहे तोवर आपल्याच हाताने उकरून नीट करावं.